साप मोकळा सोडावा की साच्यात घालावा? आयटीके-स्नॅप आणि शेप प्रायर, दोन्ही वापरून झाल्यावर

आधीच सांगते, साप म्हणजे स्कॅनमध्ये अवयवाची कड शोधत सरकणारा लवचिक वळसा, आणि साचा, म्हणजेच शेप प्रायर, म्हणजे तो अवयव साधारण कसा दिसतो याची सापाला आधीच दिलेली माहिती. हा रिव्ह्यू दीड सॉफ्टवेअरचा आहे. एक पूर्ण, म्हणजे आयटीके-स्नॅप, जे डाउनलोड करून कोणीही उघडावं, माऊस हातात घ्यावा आणि सुरू करावं. आणि एक अर्धं, म्हणजे आयटीके या वैद्यकीय चित्रांसाठीच्या कोडच्या लायब्ररीतला तो फिल्टर ज्याचं नाव एका दमात म्हणून दाखवावं लागतं: जिओडेसिक ॲक्टिव्ह कंटूर शेप प्रायर लेव्हल सेट इमेज फिल्टर. अर्धं अशासाठी की त्याला ना खिडकी ना बटण, सी प्लस प्लस लिहा, कंपाइल करा, आणि मग काय आलं ते बघायला परत आयटीके-स्नॅपच उघडा. दोघांना काम एकच दिलं होतं. मेंदूच्या टी-वन एमआरआयमधून (टी-वन हा एमआरआयचा एक प्रकार) कॉडेट न्यूक्लियस हा मेंदूच्या आतला राखाडी भाग वेगळा काढायचा, डावा आणि उजवा, आणि त्याचं आकारमान मोजायचं.

कॉडेटच का, तर स्टडी त्याचाच होता, पण खरं सांगू का, कंटूरवाल्या, म्हणजे सीमारेषा शोधणाऱ्या पद्धतींची परीक्षा घ्यायला याच्यापेक्षा खवट अवयव सापडणं अवघड आहे. पुढे जाडसर डोकं, मग निमुळतं होत गेलेलं अंग, आणि मागे वळून खाली उतरणारी शेपूट, सगळा लॅटरल व्हेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला, मिठी मारून बसलेला. व्हेंट्रिकलच्या बाजूची कड एकदम सोपी, कारण टी-वनमध्ये पाणी काळं आणि कॉडेट राखाडी. बाहेरच्या बाजूला इंटर्नल कॅप्सूलचा पांढरा पट्टा, तीही कड चांगली. पण खालच्या अंगाला न्यूक्लियस अॅकम्बन्स लागून असतो आणि तो पण राखाडी, अगदी त्याच छटेचा, तिथे कड नावाची गोष्टच नाही, तिथली सीमा ही डोळ्याला दिसणारी नसून ॲनाटॉमीवाल्यांनी आपसात ठरवलेली आहे. वर पांढऱ्या पट्ट्यातून पुटामेनकडे, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या राखाडी भागाकडे, जाणारे राखाडी पूल आहेतच. आणि शेपूट इतकी बारीक होते की एक मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये कुठे दोन व्हॉक्सेल (थ्रीडी चित्रातला एक ठोकळा) कुठे एकच. म्हणजे एकाच अवयवात ठळक कड, गायब कड आणि खोटी कड, तिन्ही.

आता साप कुठून आला ते थोडक्यात, माहीत असेल तर हा पॅरा सोडून द्या. १९८८ मध्ये कास, विटकिन आणि टर्झोपूलॉस यांचा स्नेक्सवरचा पेपर आला. कल्पना अशी की चित्रावर एक लवचिक वळसा टाकायचा, त्याला स्वतःचा ताण आणि ताठरपणा असतो त्यामुळे तो फार वेडावाकडा व्हायला नाखूश असतो, आणि चित्रातल्या कडा त्याला आपल्याकडे ओढतात, या ओढाताणीत तो जिथे स्थिरावेल ती सीमा. त्यात एक अडचण अशी की कडेपासून लांब टाकला तर साप तसाच पडून राहतो किंवा आक्रसतो, म्हणून १९९१ मध्ये कोहेनने त्यात फुग्यासारखा आतून दाब घातला. दुसरी अडचण, सापाचे दोन तुकडे होऊ शकत नाहीत आणि दोन साप आपसूक जुळू शकत नाहीत. ते ओशर आणि सेथियनच्या लेव्हल सेटने सुटलं, हा पेपरही १९८८ चाच. त्यात वळसा थेट धरायचाच नाही, एका उंचसखल पृष्ठभागावर पाण्याची पातळी जिथे लागते ती रेघ म्हणजे वळसा, पृष्ठभाग हलवा, रेघ आपोआप तुटते जुळते. आयटीके-स्नॅपच्या पोटात हेच आहे. नावातल्या स्नॅपचा मूळ अर्थही स्नेक ऑटोमॅटिक पार्टिशनिंग असाच आहे.

तर पहिल्यांदा आयटीके-स्नॅप. मला हे सॉफ्टवेअर मनापासून आवडतं हे लपवत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेरिग यांच्या गटात सुरू झालं, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात युश्केविच यांनी वाढवलं, आणि २००६ चा त्यांचा न्यूरोइमेज मधला पेपर बघाल तर त्यात तपासायला घेतलेले अवयव कॉडेट आणि लॅटरल व्हेंट्रिकलच होते. त्यामुळे मला वाटलं होतं की आपलं काम म्हणजे तयार रस्त्यावरून चालणं.

काम करण्याची पद्धत छान सरळ आहे. आधी आवडीचा चौकोन आखायचा, म्हणजे सगळ्या मेंदूवर गणित चालवायला नको. मग प्रीसेगमेंटेशन, इथे थ्रेशोल्ड, क्लासिफिकेशन, क्लस्टरिंग आणि एज ॲट्रॅक्शन असे चार पर्याय येतात. थ्रेशोल्डमध्ये खालची वरची मर्यादा सरकवत राहायचं, कॉडेट पांढरा आणि बाकी निळं दिसेपर्यंत. क्लासिफिकेशनमध्ये ब्रशने थोडे नमुने रंगवून द्यायचे, हे कॉडेट, हे पाणी, हे पांढरं, आणि आतलं रँडम फॉरेस्ट बाकीचं शिकून घेतं, २०१४ च्या आसपास तिसऱ्या आवृत्तीत हे आलं आणि माझ्या मते त्या आवृत्तीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. मग बुडबुडे, म्हणजे साप जिथून फुगायला सुरुवात करेल ते गोळे, टाकायचे, कर्सर न्यायचा, त्रिज्या ठरवायची, बटण दाबायचं. मग प्ले. आणि मग तो बुडबुडा फुगत जातो, डोक्यातून अंगात सरकतो, खालच्या खिडकीत थ्रीडीमध्ये हळूहळू कॉडेट उमलताना दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला ओढत आणून दाखवलं होतं.

आणि त्याच्यासमोरच साप अॅकम्बन्समध्ये शिरला.

म्हणजे बघा, सापाचा काहीच दोष नाही. त्याला सांगितलंय की राखाडीत पसर, पांढऱ्याकाळ्याला थांब. खाली राखाडीच आहे, तो पसरणारच. थांबवायचं तर स्मूदिंगचा जोर वाढवायचा, त्याने अरुंद फटीतून घुसणं कमी होतं, पुटामेनकडचे पूल त्याने बऱ्यापैकी बंद झाले. पण तोच जोर शेपटीलाही खातो, कारण गणिताच्या दृष्टीने चुकीचा पूल आणि खरी शेपूट यांत फरक काय, दोन्ही बारीक. आणि अॅकम्बन्सचं तोंड तर एवढं रुंद आहे की तिथे स्मूदिंग काही करू शकत नाही. शेवटी मी जे केलं ते सगळेच करतात, डोक्यात एक आणि अंगात दोन असे बुडबुडे टाकायचे, साप खाली उतरायला लागला की थांबवायचं, मग थ्रीडी खिडकीतल्या स्काल्पेलने खालचा भाग छाटायचा आणि राहिलेली शेपूट ब्रशने हाताने भरायची. एका बाजूला दहा-पंधरा मिनिटं. हाताने एकेक स्लाइस आखण्यापेक्षा कितीतरी बरं, यात वाद नाही.

पण एक गोष्ट खटकत राहते, ती म्हणजे कधी थांबायचं हे साप सांगत नाही. प्ले दाबलं की चालू, आपण दाबलं की बंद. मी सकाळी थांबवलेला कॉडेट आणि दुपारी जेवून आल्यावर थांबवलेला कॉडेट यांचं आकारमान एक नसतं. म्हणून तुम्ही कोणत्या सेटिंगला, कितव्या इटरेशनला, कोणत्या कारणाने थांबलात हे लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवशीच लावा, मी तिसऱ्या आठवड्यात लावली आणि आधीचं सगळं परत केलं. (आणि हो, डावं उजवं. रेडिओलॉजीत पेशंट समोर उभा असल्यासारखं चित्र दाखवतात, म्हणजे स्क्रीनच्या डावीकडे पेशंटचं उजवं. कोपऱ्यातली अक्षरं बघत जा, बाकी काही बोलत नाही.)

इथे साहजिक विचार येतो. हे सगळं मला माहीत आहे ना, की कॉडेट असा असा दिसतो, खाली इथे संपतो, शेपटी अशी वळते? मग हे सापालाच का सांगू नये? त्यालाच शेप प्रायर म्हणतात, आणि ही कल्पनाही नवीन नाही. मँचेस्टरचे कूट्स आणि टेलर यांनी १९९५ मध्ये ॲक्टिव्ह शेप मॉडेल मांडलं. अवयवाच्या कडेवर ठरलेले बिंदू घ्यायचे, पुष्कळ नमुन्यांत तेच बिंदू त्याच क्रमाने, सगळे एकमेकांवर नीट बसवायचे, मग पीसीए नावाचं गणित लावून सरासरी आकार आणि तो मुख्यत्वे कोणकोणत्या दिशांनी बदलतो (या दिशा म्हणजे मोड) ते काढायचं. शोधताना प्रत्येक बिंदू कडेच्या आडव्या रेषेत पुढेमागे बघतो, जिथे कड छान दिसते तिकडे जाऊ पाहतो, आणि मग मॉडेल सगळ्यांना परत ओढून आणतं की बाबांनो, तुम्ही मिळून जो आकार केलाय तो सरासरीपासून साधारण तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आत बसतोय का? नसेल तर आत या. २००० मध्ये लेव्हेन्टन, ग्रिमसन आणि फोजेरास यांनी हीच गोष्ट लेव्हल सेटमध्ये आणली, बिंदूंच्या ऐवजी अख्खा साइन्ड डिस्टन्स मॅप घेतला, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेल कडेपासून किती लांब आणि आत की बाहेर, आणि पीसीए त्याच्यावर लावला. आयटीकेमधला आपला लांब नावाचा फिल्टर याच पेपरवरून केलेला आहे.

यात सगळ्यात मोठा फायदा असा की बिंदू जुळवायची भानगड नाही. थ्रीडीमध्ये हा बिंदू त्या कॉडेटवर नेमका कुठे, हे ठरवत बसणं म्हणजे वेड लागायची पाळी. तोटा असा की दोन डिस्टन्स मॅपची बेरीज केली तर येतं ते खऱ्या अर्थाने डिस्टन्स मॅप नसतं. थोड्याफार बदलाला चालून जातं, नमुने एकमेकांपासून फार वेगळे असले तर सरासरीच विचित्र येते, कडा वितळल्यासारख्या. म्हणून मॉडेल करायच्या आधी सगळे नमुने जागा, फिरकी आणि लहानमोठेपणा यांत एकमेकांवर बसवून घेणं भागच आहे, आणि इथे घाई केली की पीसीएचा पहिला मोड अवयवाचा आकार सांगायच्या ऐवजी पेशंटची मान किती कलली होती तेच सांगत बसतो. माझा पहिला मोड तोच सांगत होता. दोन दिवस मी त्याला कॉडेटची वक्रता समजून आनंदात होते.

नमुने कुठून आणले, तर हाताने. वीसेक निरोगी माणसांचे स्कॅन आमच्याकडे होते, त्यांचे कॉडेट आधीच आयटीके-स्नॅपमध्ये नीट काढून, छाटून, तपासून ठेवलेले. म्हणजे गंमत बघा, मोकळ्या सापाने आणि माझ्या मनगटाने केलेलं काम साच्यात ओतलं. आयटीकेमध्ये इमेज पीसीए शेप मॉडेल एस्टिमेटर म्हणून क्लास आहे, त्याला मॅप द्या, तो सरासरी आणि मोड काढून देतो. मग मुख्य फिल्टरला चार आकडे द्यायचे, फुगण्याचा जोर, वक्रतेचा जोर, कडेकडे ओढण्याचा जोर आणि आकाराच्या साच्याचा जोर. शेवटचा शून्य केला की तो साधा जिओडेसिक कंटूर, म्हणजे मोकळा साप, होतो, ही सोय फार चांगली आहे कारण त्यामुळे तुलना स्वच्छ होते, कोड तोच, कड तीच, फक्त साचा काढून घेतलेला. दर फेरीला तो आधी विचारतो की आत्ताचा वळसा आणि चित्र बघता सगळ्यात संभाव्य आकार कोणता आणि तो कुठे कसा ठेवलेला असेल, आणि मग वळशाला थोडं तिकडे ढकलतो. ते शोधायला आत एक ऑप्टिमायझर लागतो. आयटीकेच्या उदाहरणात वन प्लस वन इव्होल्यूशनरी वापरलाय, तो फासे टाकत शोधतो, तेव्हा रँडम सीड, म्हणजे फाशांचा सुरुवातीचा आकडा, ठरवून द्या नाहीतर आज एक आणि उद्या एक उत्तर येईल आणि तुम्ही बग शोधत बसाल.

डॉक्युमेंटेशनबद्दल सांगायचं तर आयटीकेचं सॉफ्टवेअर गाइड चांगलं आहे, या फिल्टरचं उदाहरण मेंदूच्या मधल्या स्लाइसवर कॉर्पस कॅलोसम काढायचं आहे आणि ते पहिल्या फटक्यात चालतं. पण ते टूडी आहे. टूडीचं थ्रीडी करताना ट्रान्सफॉर्म बदला, मोड परत काढा, प्रत्येक परिमाणाचं स्केल परत जुळवा, यात माझा अख्खा महिना गेला. कोड लिहिता येत नसेल तर हा फिल्टर तुमच्यासाठी नाही, सरळ सांगते, शिकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

चालायला लागल्यावर मात्र काय सांगू. अॅकम्बन्सपाशी साप आपणहून थांबला! तिथे चित्रात काहीही नाही, आणि तो जिथे थांबायला हवा तिथे थांबला, कारण साच्याला माहीत होतं. शेपटी जिथे एक व्हॉक्सेलची राहिली होती तिथून पुढेही तो व्यवस्थित वळला. छाटणी नाही, ब्रश नाही, मी चहा घेऊन यायच्या आत दोन्ही बाजू तयार. मॉडेलबाहेर ठेवलेल्या निरोगी स्कॅनवर हाताने आखलेल्याशी ताडून पाहिलं, डाइस (दोन्ही एकमेकांवर किती बसतात तो आकडा) चांगला, हाउसडॉर्फ अंतर (दोन्हींच्या कडा जास्तीत जास्त किती लांब) तर मोकळ्या सापापेक्षा खूपच कमी. त्या दिवशी हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच पैकी सहा तारे दिले असते.

मग हंटिंग्टनचे स्कॅन आले. हंटिंग्टनच्या आजारात कॉडेटच झिजतो, ती त्या आजाराची खूणच आहे. एरवी कॉडेटचं डोकं व्हेंट्रिकलच्या पुढच्या शिंगात फुगवटा करून आलेलं असतं, आजार वाढला की तो फुगवटा जातो, कॉडेट चपटा होऊन भिंतीला चिकटलेला दिसतो आणि शिंग चौकोनी डब्यासारखं होतं. मी बॅच लावली, रात्रभर चालली, सकाळी थ्रीडी आकृत्या एका रांगेत लावून बघितल्या, सगळे कॉडेट गुळगुळीत, सुबक, शेपट्या वळलेल्या. आकारमानं पण थोडी कमी आलेली, म्हणजे अपेक्षेच्या दिशेने. मी फाइल करून रेडिओलॉजीच्या मॅडमना दाखवायला नेली.

त्यांनी थ्रीडी बघितलंच नाही. म्हणाल्या, "ते चित्र राहू दे गं, मला स्लाइसवर दाखव." दाखवलं. दोनतीन स्लाइस सरकवल्या आणि थांबल्या. "हे काय आहे? कॉडेट पाण्यात कसा गेला?"

खरंच गेला होता. आतल्या बाजूची कड व्हेंट्रिकलच्या काळ्या पाण्यात दोन व्हॉक्सेल पुढे. कारण साच्याला चपटा कॉडेट माहीतच नव्हता, त्याने कधी पाहिलाच नव्हता, माझ्या वीस निरोगी माणसांमधला कोणीच तसा नव्हता. चित्र ओरडून सांगत होतं की इथे कड आहे, अगदी टी-वनमधली सगळ्यात ठळक कड, आणि साचा म्हणत होता, छे, कॉडेट असा नसतो, आणि मी साच्याचा जोर वाढवून ठेवला होता कारण अॅकम्बन्सपाशी तोच कामाला आला होता. म्हणजे ज्या गोष्टीवर मी खूश होते तीच उलटली.

मी म्हटलं, "मॅडम, पण सगळे इतके छान दिसत होते."

"म्हणूनच," एवढंच म्हणाल्या आणि पुढची स्लाइस सरकवली.

तेच "म्हणूनच" मी नंतर खूप दिवस चघळत बसले. मोकळा साप चुकतो तेव्हा घाण दिसतं. अॅकम्बन्समध्ये गळलेला राखाडी पाय, पुटामेनकडे गेलेलं शिंग, बघताक्षणी कळतं की इथे काहीतरी बिघडलंय, आणि आपण छाटतो. साच्यातला साप चुकतो तेव्हा एकदम कॉडेटसारखा दिसतो, फक्त या पेशंटच्या कॉडेटसारखा नसतो. पहिली चूक आपल्याला स्वतः हाक मारते. दुसरी शोधायला स्लाइसवर जावं लागतं, तेही नेमक्या त्याच पेशंटमध्ये ज्याचा आजार मोजण्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय. आकड्यांतही हाच फरक आहे. मोकळ्या सापाचा गळलेला पाय बारीक असतो, त्याने डाइस फारसा हलत नाही पण हाउसडॉर्फ उडी मारतो. साच्याची चूक सगळीकडे थोडीथोडी असते, हाउसडॉर्फ शांत राहतो आणि आकारमान गुपचूप फुगतं. मी निरोगी स्कॅनवर हाउसडॉर्फ कमी आला म्हणून टाळ्या पिटत होते, तो आकडा या चुकीला आंधळा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आम्हाला हवं होतं नेमकं आकारमानच. आजारी माणसाचा झिजलेला कॉडेट निरोगी सरासरीकडे ओढला म्हणजे आजार होता त्यापेक्षा कमी दिसणार, आणि कोणालाही शंका येणार नाही कारण दिशा बरोबर आहे.

आता दुरुस्तीचं सांगते. एक तर आजारी माणसांचे कॉडेट मॉडेलमध्ये घातले, ते उघडच होतं, हाताने आखले, परत तीच दहा-पंधरा मिनिटं. पण दोन वेगळे गट एकत्र केले की पीसीएची सरासरी ना इकडची ना तिकडची येते, निरोगी आणि झिजलेला यांच्या मध्ये कुठेतरी, जसा कॉडेट खरं तर कोणाचाच नसतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. दुसरं, साच्याचा जोर शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचं बंद केलं. सुरुवातीला जास्त, जेणेकरून साप योग्य मोहल्ल्यात पोचेल, मग आकडा कमी करून त्याच वळशापासून परत चालवायचं, म्हणजे जिथे खरी कड आहे तिथे चित्राचं ऐकलं जातं. फिल्टरमध्ये हे आपोआप होत नाही, दोनदा चालवावं लागतं, पण होतं. तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते, आलेल्या कॉडेटच्या आत किती व्हॉक्सेल पाण्याइतके काळे आहेत ते मोजायचं, बस. दोन ओळींचा कोड. साच्याने चित्राला डावललं की हा आकडा वर जातो आणि त्या पेशंटच्या नावापुढे लाल खूण येते. आधी का नाही केलं हे विचारू नका.

आता कोणी म्हणेल की एवढं घरचं शिजवायचं कशाला, तयार मॉडेल आहेत की. आहेत. एफएसएल या मेंदूच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं फर्स्ट त्यातलं सगळ्यात ओळखीचं, पेटनॉड आणि मंडळींचा २०११ चा पेपर. ३३६ हाताने लेबल केलेल्या टी-वन स्कॅनवर बांधलंय, त्यात आजारी माणसांचे मेंदूही आहेत, आणि ते मेंदूच्या आतल्या १५ रचना एका कमांडवर काढून देतं, कॉडेट त्यात आहेच. शिवाय मेशचे, म्हणजे पृष्ठभागाच्या जाळीचे, बिंदू प्रत्येक पेशंटमध्ये तेच तेच असल्यामुळे नुसतं आकारमान न बघता कॉडेटच्या कोणत्या बाजूला झीज आहे हेही तपासता येतं, ते माझ्या घरगुती मॉडेलच्या बापजन्मात होणार नाही. आकार आणि छटा यांचा संबंधही त्यात एकत्र शिकलेला आहे. मेंदूच्या आतलंच काम असेल आणि टी-वन असेल तर माझा फिल्टर विसरा, आधी फर्स्ट चालवून बघा, फक्त रजिस्ट्रेशन (पेशंटचा स्कॅन ठरलेल्या नमुना मेंदूवर बसवणं) बरोबर बसलंय का ते प्रत्येक पेशंटमध्ये डोळ्यांनी बघा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. व्यावसायिक वापराला एफएसएलचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं तेही बघून घ्या. माझं मॉडेल का ठेवलं, तर मला साच्याचा जोर हातात हवा होता आणि आत काय चाललंय ते बघायचं होतं.

आणि हो, डीप लर्निंग. हा प्रश्न येणारच म्हणून आधीच. यू-नेट हे नेटवर्क २०१५ चं, त्यानंतर एनएनयू-नेट आलं जे स्वतःची सेटिंग स्वतःच लावतं, आणि सीटीसाठी टोटलसेगमेंटेटर १०० च्या वर रचना एका दमात काढतं. वेगात आणि अचूकतेत या सगळ्यांपुढे माझा साप म्हणजे बैलगाडी. मान्य. पण ज्याला वाटतं की नेटवर्कमध्ये साचा नाही त्याने परत विचार करावा. साचा आहेच, फक्त तो कुठे आहे ते दाखवता येत नाही आणि त्याचा जोर कमी करायचं बटण नाही. ऑक्टे आणि मंडळींनी २०१८ मध्ये तर नेटवर्कला मुद्दाम आकाराचं बंधन घालायची पद्धत दिली, म्हणजे फिरून आपण तिथेच. माझ्या फिल्टरमध्ये निदान एक आकडा शून्य केला की साचा निघून जातो आणि चित्र एकटं काय म्हणतं ते ऐकता येतं.

तर तारे. आयटीके-स्नॅपला साडेचार, अर्धा कापला तो थांबायचं कधी हे आपल्यावर सोडल्याबद्दल, बाकी ट्यूमर, गाठ, ज्याला ठरलेला आकारच नाही अशी कोणतीही गोष्ट काढायची असेल तर मोकळा सापच घ्या, तिथे साचा आणायचा कुठून. शेप प्रायर फिल्टरला तीन, आणि ते तीन कोडबद्दल नाहीत, कोड प्रामाणिक आहे, ते माझ्यासारख्यांच्या हातात तो काय करतो त्याबद्दल आहेत. कड गायब आहे पण अवयव नेहमीसारखा आहे, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. अवयव नेहमीसारखा नाही आणि कड ठळक आहे, तर त्याला हात लावू नका. दोन्ही एकत्र आलं, कड पण गायब आणि अवयव पण बिघडलेला, तर मॅडमकडे जा.

सध्या मी दोन्ही चालवते. प्रत्येक पेशंटला एकदा साच्याचा जोर शून्य ठेवून, एकदा साच्यासकट, आणि आयटीके-स्नॅपमध्ये एकावर एक टाकून फक्त जिथे दोघांचं पटत नाही त्या स्लाइस उघडते. अॅकम्बन्सपाशी भांडत असतील तर साच्याचं ऐकते. व्हेंट्रिकलच्या कडेला भांडत असतील तर चित्राचं. शेपटीपाशी भांडत असतील तर अजूनही ब्रश घेऊनच बसावं लागतं.